साक्षी-पट्टी

चंद्रपूरजवळच्या सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. हेमांगी वर्तक यांनी शेवटची साक्षी-पट्टी तराजूवर ठेवली. कर्बवायू पकडणाऱ्या सातव्या मनोऱ्यात वर्षभर टांगलेला तो स्वस्त पोलादाचा तुकडा. सुरुवातीची थोडी झीज सोडली, तर वजन होतं तेवढंच. महागड्या पोलादावाचून काम भागतं, असं छातीठोकपणे सांगणारा त्यांचा अहवाल सकाळीच दिल्लीला गेला होता. त्याच्या भरवशावर चाळीस कारखान्यांत असे मनोरे उभे राहायचे होते.

तेवढ्यात फोरमन दौलत भोयर दारात आले.

"मॅडम, तीन नंबरचा मनोरा पाझरून राहिला. भिंत मोजली. आठ मिलिमीटरची दीड उरली."

"शक्यच नाही! हे पोलाद आधी थोडं गंजतं, भोयर. सुटलेलं लोखंड कर्बवायूशी जुळतं आणि भिंतीवर राखाडी साय धरते. तेच त्याचं चिलखत."

"राखाडी?" भोयर दारातून आत आले. "खरबरीत, राखेसारखी? ते तर आमी खंडेनवमीला काढली नं, मॅडम! यंत्राची पूजा, अन् यंत्र मळकं कसं ठेवाव? सहाही मनोरे आतून आम्लानं धुतले, आरसा केला. तुमीच तर हळदकुंकू वाहिलं! सातव्याले नाही शिवलो. तिथं तुमची पाटी होती, हात लावू नये म्हणून."

हेमांगींनी तराजूवरच्या पट्टीकडे पाहिलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! साक्षी-पट्ट्या टांगल्या होत्या त्या नेमक्या न धुतलेल्या मनोऱ्यात. पाटी त्यांचीच, कारण मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. या लोकांना काय कळणार, असं तेव्हा वाटलं होतं. आता त्याची लाज वाटली.

"चुकलं का आमचं?"

"तुमचं नाही, माझं. धुतल्यावर वाफ वाचवायला आपण मनोऱ्यातलं कर्बवायू शोषणारं द्रावण कोमट ठेवलं. कोमट द्रावणात साय धरत नाही, नुसतं लोखंड झिजतं."

"मग द्रावण तापवू नं! धरू द्या परत साय."

"ती भिंतीतूनच निघते, भोयर. नीट धरेपर्यंत दोन मिलिमीटर लोखंड खाते."

भोयरांनी बोटांवर मोजलं. "दीडातून दोन कसे जातील?"

हेमांगींनी फोन उचलला. चाळीस कारखाने, आणि खंडेनवमी तर सगळीकडेच येणार.

"तीन नंबर बंद करा. आधी माणसं लांब न्या," त्या म्हणाल्या आणि अहवाल मागे घेण्यासाठी त्यांनी दिल्लीचा नंबर फिरवला.