लिंगैक्य शिवप्रसाद कबड्डी मैदान

त्याग हा स्त्रीहृदयाचा शाश्वत अलंकार असून त्याच्या तेजापुढे सूर्यचंद्रही फिके पडतात! लातूरच्या डाळमिलमागच्या गल्लीत राहणाऱ्या गुरम्माकडे हा अलंकार भरपूर होता. त्यापायी दिराच्या दुधासाठी वर्षानुवर्षे कोरा चहा पिऊन तिला पित्त मात्र जडले होते.

सासू गेली तेव्हा धाकटा दीर शिवप्रसाद पाळण्यात होता. नव्या नवरीने त्याला छातीशी धरले, त्याच्यापायी स्वतःच्या लेकराचा विचार पुढे ढकलला, आणि ढकलता ढकलता तो विचारच म्हातारा झाला... पाळण्यातला तो जीव पुढे व्यावसायिक कबड्डीतला नामांकित चढाईपटू झाला, टीव्हीवर झळकला आणि मुलाखतीत गहिवरून म्हणाला, "मी अनाथ आहे." गुरम्मा तेव्हा भाकऱ्या करत होती. तव्यावरची भाकरी करपली. त्या दिवसापासून तिने त्याचा फोन घेतला नाही आणि त्याने गल्लीत पाऊल टाकले नाही.

आता हाच अनाथ गल्लीतल्या कबड्डी मैदानाला स्वतःचे नाव लागताना पाहायला येणार होता. मैदान म्हणजे नगरसेवक सिद्रामप्पांची टेम्पो लावायची जागा. पोरगा असताना तिथे खेळतो म्हणून त्यांनी शिवप्रसादला कान धरून हाकलले होते. आता त्याच कानांवर ते स्तुतिसुमने उधळणार होते. गुरम्माला त्यांनी पहिल्या रांगेतली खुर्ची देऊ केली. त्या खुर्चीवर तुमचा टेम्पो लावा, असे तिने कळवले.

समारंभाच्या सकाळी ती मैदानाकडे पाठ करून घरात बसली. पण तिचे वेडे अंतःकरण स्पीकरला कान लावून होते. पुण्याहून निघालेली गाडी येता येईना. मग स्पीकरही गप्प झाला. केर टाकायचे निमित्त करून ती दारात आली, तर वाऱ्याने समोरच्या फलकावरचा पडदा उडालेला... आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेले, 'लिंगैक्य शिवप्रसाद'!

लिंगायतांत हा शब्द फक्त गेलेल्या माणसाच्या नावाआधी लागतो. म्हणून गाडी आली नाही... म्हणून स्पीकर थांबला... गुरम्माच्या काळजाच्या चिंधड्या झाल्या. ती अनवाणी धावली आणि फलकाच्या खांबाला मिठी मारून तिने हंबरडा फोडला, "लेकरा, अनाथ तर अनाथ... पण जित्ता ऱ्हायचं होतंस रे!"

सिद्रामप्पांनी फलक तेव्हा प्रथमच वाचला. आदल्या दिवशी त्यांनी खालचे स्वतःचे नाव तेवढे तपासले होते. त्यांनी रंगारी जहांगीरला फैलावर घेतले. जहांगीर शांतपणे म्हणाला, "अप्पा, तुमच्या समाजातल्या बड्या लोकांच्या समद्या पाट्या मीच रंगवल्या. समद्यांच्या नावाआधी हेच ऱ्हातंय. तुमच्या नावाला बी मानाचं काही लावू का म्हणून इचारलं होतं. तुम्हीच म्हणलात, मला साधंच ठेव."

एवढ्यात गाडी आली. स्वतःचाच शोक चाललेला पाहून शिवप्रसाद जागीच थिजला. मग पुढे होऊन म्हणाला, "वैनी, मी हाय की."

गुरम्माने त्याचे तोंड दोन्ही हातांनी चाचपले, खात्री पटताच एक सणसणीत थोबाडीत दिली. गर्दीने टाळ्या वाजवल्या; पाहुणे आले की वाजवायच्या, असे ठरलेलेच होते.

"अनाथ हायस व्हय तू?"

तो धाडकन गुडघ्यांवर बसला. त्याच्या डोळ्यांतून अविरत अश्रुधारा वाहू लागल्या. "कुणी वाढवलं म्हणून लोक इचारायचे. वैनी म्हणलं तर लई थोडं वाटायचं, आई म्हणलं तर खोटं. जीभच वळंना... मग तसलं बोलून गेलो."

"कबड्डी-कबड्डी म्हणत दम सोडत न्हाईस," गुरम्मा तुच्छतेने म्हणाली, "अन् हितं एक शब्द फुटला न्हाई तुला."

त्याने माईक मागितला. वीज गेलेली होती, म्हणून तो तसाच उभा राहून घसा फाटेस्तोवर ओरडला, की ही माझी आई आहे. डाळमिलचे हमालसुद्धा बाहेर आले. बायांनी पदर डोळ्यांना लावले. सिद्रामप्पांनी आपलाच विजय असल्यासारखे हात जोडले आणि त्या त्यागमूर्तीला दोन शब्द बोलायची विनंती केली.

गुरम्माने पदराने नाक पुसले. दिराच्या... लेकाच्या सहा फुटी देहाकडे खालून वरपर्यंत पाहिले.

"पुरं झालं आता. घरी चल. माळ्यावरची मोठी परात तेवढी काढून दे, माझा हात पुरत न्हाई."