अर्धलीची पिल्लं

"कोंबड्या विकायच्या न्हाईत," क्रांतीनं वर न बघताच सांगून टाकलं. रिकामं डालगं घेऊन दारात उभा राहिलेला माणूस म्हणजे कोंबड्या गोळा करत फिरणारा व्यापारीच, असं तिला वाटलं होतं.

"इकत घ्यायला न्हाई आलो. वाटणीला आलोय. मनुबाईंचा भाचा मी, मानसिंग. आटपाडीचा."

मग तिनं वर पाहिलं… आणि हातातलं सूप तिरकं झालं. सगळा जोंधळा अंगणात. कोंबड्यांची चंगळ झाली.

पलीकडच्या गल्लीतल्या मनुबाईनं आपली खुडूक कोंबडी क्रांतीच्या आईला अर्धलीनं दिली होती. कोंबडी एकीची, राखण दुसरीची, आणि पिल्लं मोठी झाली की निम्मी-निम्मी. त्यातही कोंबडे सारखे आणि तलंगा सारख्या; पुढं अंडी देणाऱ्या सगळ्या एकीनंच लाटायच्या नाहीत. म्हणून नर कोण, मादी कोण हे कळेपर्यंत वाटणी व्हायची नाही.

दोघं पिल्लांपाशी वाकून बसली.

"ह्यो कोंबडा. तुरा बघा कसा लाल," क्रांती म्हणाली.

"उन्हानं झाला आसंल लाल."

"आन् पाय? केवढं जाड हायत."

"खात्यापित्या घरचा हाय."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. गावाकडचा माणूस, आणि त्याला कोंबडा कळत नाही? त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दडलं होतं.

"मग आठ दिसांनी या," ती म्हणाली.

तो तिसऱ्याच दिवशी आला.

"वाटणी झाली की साताऱ्याला जायचंय," बोलता बोलता त्यानं सांगितलं. "कंपनीत लागलोय. मावशी म्हणती, तेवढं उरकून जा."

झालं… त्या दिवसापासून क्रांतीलाही काही कळेनासं झालं. ज्याच्या मानेवर चकचकीत टोकदार पिसं उतरली होती, त्यालाही ती म्हणायची, "ही तलंगच वाटती मला." तो म्हणायचा, "घाई नगं." आई आतनं ओरडायची, "व्हय गं, अजून कळंना? त्या मधल्याची शेपूट वाकडी झाली की!"

आज शहरातल्या घराच्या गॅलरीत लेकराला मांडीवर घेऊन बसली की क्रांतीला त्या दुपारी तशाच दिसतात — अंगणभर शेवग्याची फुलं, पिल्लू हातात घेताना त्याच्या बोटांना लागलेली आपली बोटं, आणि दोघांच्या ओंजळीत धडधडणारं ते एवढंसं काळीज. पिल्लाचंच होतं ना ते…?

मग एका सकाळी त्या मधल्यानंच घात केला. डालग्यावर चढला, मान ताणली आणि फाटक्या आवाजात आरवला.

आत आईचं भाकरी थापणं थांबलं.

"आता?" मानसिंगनं हळूच विचारलं.

"आता काय. कोंबडा हाय त्यो."

तो मुकाट्यानं उठला. एकेक कोंबडा धरून डालग्यात घातला, एकदाही न चुकता. तलंगांना मात्र त्यानं हातच लावला नाही.

"ह्या समद्या तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"मावशी रागावतील."

"रागावू द्या. ह्या अंडी घालतील, खुडूक बसतील, पिल्लं काढतील… मग मला परत वाटणीला यायला लागंल."

क्रांतीनं मनातल्या मनात हिशेब घातला. फार लांबचा होता तो.

"मला न्हाई जमायचं एवढं थांबायला," ती तलंगांकडं बघत म्हणाली. "त्यापरीस मावशींनाच घेऊन या. आईशी बोलायला."

डालग्याची दोरी बांधता बांधता त्याचा हात थांबला.

"कवा?"

"साताऱ्याला जायच्या आधी."

"उद्या?"

तिनं नुसती मान हलवली. तो हसला, खुळ्यासारखा, आणि डालगं उचलून निघाला.

"ते खाली ठेवा," क्रांती म्हणाली. "कोंबडं कुठं निघालं? पाव्हणं येणार म्हटल्यावर रस्सा कशाचा करायचा?"