सतरा नंबरची पिवळी नस

कॉलेजात मला सगळे मावशी म्हणतात. गंगापूर रोडने धरणाकडे निघालं की डाव्या हाताला हे मेडिकल कॉलेज लागतं. तिथे शरीररचना विभागाच्या संग्रहालयात मी अकरा वर्षं आहे. बरण्या पुसायच्या, त्यातलं फॉर्मलीनचं पाणी कमी झालं की वर करायचं आणि रंगकाम करायचं, एवढं माझं काम. बत्तीस चौकोनी काचेच्या बरण्यांमध्ये माणसांची डोकी आणि माना आहेत, देहदान केलेल्यांच्या. मुलांना ओळखता यावं म्हणून धमनी लाल रंगवतात, शीर निळी आणि नस पिवळी. माझं शिक्षण दहावी. नसा मी लेबलं वाचून आणि मुलांचं पाठांतर ऐकून शिकले. आता कुणी चुकीचं नाव घेतलं की मी काच पुसता पुसता खोकते. हुशार मुलं लगेच बदलतात.

माझ्या आधी इथे दत्तूमामा होते. निवृत्त होताना किल्ल्या हातात देऊन ते म्हणाले, "पाणी टाळूच्या वर राहिलं पाहिजे. आणि यांच्याकडं काही मागायचं नाही, उज्वला. यांनी एकदा सगळं दिलंय."

मला हसू आलं होतं. बरणीकडे कोण काय मागणार?

यंदा जुलैत आमच्या ह्यांच्या गळ्याला डावीकडे गाठ निघाली. हे, म्हणजे वाल्मीकराव, सिन्नरला कांद्याचा लिलाव पुकारतात. आवाज असा की ट्रॅक्टरच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला भाव ऐकू जातो. घरात ह्यांनी मीठ मागितलं तर शेजारच्या भिमाबाई वाटी घेऊन येतात. सर्जन म्हणाले, "गाठ साधी आहे, पण आवाजाची नस तिला चिकटलीय. धक्का लागला तर आवाज जाऊ शकतो." ऑपरेशन बुधवारचं ठरलं.

"मुका पुकारणारा कोण ठेवील?" दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हे म्हणाले आणि हसले. त्यानंतर दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. सवय करून बघत असावेत.

ती नस मला माहीत होती. छातीपर्यंत खाली उतरते, वळसा घेते आणि श्वासनळीच्या कडेने परत वर गळ्यात येते. सतरा नंबरच्या बरणीत मानेखाली छातीचा थोडा भागही ठेवलाय, म्हणून तिथे ती वळशासकट सगळ्यात स्वच्छ दिसते. सतरा नंबर पुरुष आहे. डावी बाजू कातडी काढून सोडवलेली, उजवी जशीच्या तशी. उजव्या गालावर दोन दिवसांची दाढी, डोळा मिटलेला, ओठ मिटलेले. महिनाअखेर तपासणी होती, म्हणून शुक्रवारी मी त्यांना बाहेर काढलं, टिपून घेतलं, बारीक ब्रशने सगळं नव्याने रंगवलं, वाळवलं, परत आत ठेवलं आणि झाकण सील केलं.

शनिवारी बघते तर आवाजाची नस पांढरी.

लाल जागेवर, निळा जागेवर. शेजारच्या नसांचा पिवळाही जागेवर. फक्त तेवढी एक दोऱ्यासारखी नस कोरी. सील तसंच होतं. पाणी नितळ, तळाला रंगाचा कण नाही.

आमच्या निकिता मॅडमना दाखवलं. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण शिकवतात छान.

"उतरला असेल रंग, मावशी."

"एकाच नसेचा?"

"तुम्ही सध्या टेन्शनमध्ये आहात ना. राहून गेली असेल रंगवायची."

राहून गेली असेलही, म्हटलं. पुन्हा रंगवली. या वेळी मॅडमना उभं करून रंगवली आणि मोबाईलवर फोटो काढला. सोमवारी नस पांढरी. फोटोत पिवळी. मॅडमनी फोटो बघितला, बरणी बघितली आणि लेक्चर आहे म्हणून निघून गेल्या. लेक्चर साडेअकराला होतं. तेव्हा दहा वाजले होते.

मंगळवारी दुपारी ह्यांना भरती करायचं होतं. घरी बॅग भरून ठेवली होती, टॉवेल, फुलपात्र, रिपोर्टची फाईल. सकाळी मी मात्र संग्रहालयात होते. सतरा नंबर तिसऱ्यांदा बाहेर काढलेला. नस सावकाश रंगवत होते. वळशापासून वर येत येत स्वरयंत्रापाशी ब्रश पोचला आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"भाऊ, आमच्या ह्यांचा आवाज राहू द्या."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली सरकवली. मी झाकण लावलं, सील केलं, हात धुतले. दत्तूमामांचं बोलणं मला बसमध्ये बसल्यावर आठवलं.

ऑपरेशन अडीच तास चाललं. सर्जन बाहेर आले ते मास्क काढत, हसत. नस वाचली होती. संध्याकाळी ह्यांनी पाणी मागितलं. घोगरं, पण मागितलं. मी तिथेच बाकावर बसून रडून घेतलं. सोबत आलेल्या भिमाबाई म्हणाल्या, "रड बाई. आता परत कान किटतील तुझे."

सोमवारी कामावर गेले. आधी सतरा नंबर.

नस पिवळी होती. वळशापासून स्वरयंत्रापर्यंत, एक मिलिमीटर कमी नाही. मी बरणीला हात जोडले. कुणी बघत नव्हतं.

मग दिसलं की काच धुरकट झाली आहे. सगळी नाही. तोंडासमोर, बशीएवढी. फडक्याने पुसली, डाग गेला नाही. स्पिरिट लावलं, गेला नाही.

धुरकटपणा आतून होता.

सील तसंच होतं.

ओठ मिटलेले नव्हते.

मी मॅडमना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले.

हे पलंगावर बसून मऊ भात खात होते. गळ्याला पट्टी. रंग चांगला दिसत होता. मी लिंबाची फोड ठेवली, पदराला हात पुसले आणि समोर बसले. ह्यांना बरण्यांची किळस. अकरा वर्षांत कधी कॉलेजच्या फाटकाच्या आत आले नाहीत. घरी मी तिथलं एक अक्षर काढायचं नाही, असा नियमच आहे आमच्यात.

"आवाज मोकळा झाला का?" मी विचारलं.

ह्यांनी घास गिळला. माझ्याकडे बघितलं. आवाज आला तो खणखणीत, शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत जाणारा.

"ताई, काच आतून पुसा ना. तुम्ही नीट दिसत नाही."

आणि पुन्हा भात खायला लागले.

मी उठले आणि खिडकीची काच पुसली, दोन्ही बाजूंनी. ती स्वच्छच होती. ह्यांची पाठ खिडकीकडे होती.