खांद्यावर दोन थापा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर खुशाल हसा. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. आमच्या बरिंगा गावात, गेल्या जानेवारीत, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात, एका रविवारी भर दुपारी.

पोटासाठी माझं टायरचं दुकान आहे. पण कुठं आग लागली की कमरेचा पेजर वाजायचा आणि हातातलं टाकून पळायचं. पगार नाही. गावची आग गावानेच विझवायची. भरल्या ताटावरून किती वेळा उठलो असेन, देव जाणे.

"लग्न माझ्याशी केलंस की त्या पेजरशी?" माझी बायको राएलीन दर वेळी विचारायची. "एकदा तरी आमच्याबरोबर बसून गरम जेव ना रे!"

आगीवर माझा जोडीदार म्हातारा मर्व. मी पुढे पाइपचं तोंड धरायचो, तो मागे पाइपचा भार उचलायचा. त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून खांद्यावर थाप. एक थाप म्हणजे, 'मी आहे, हो पुढे.' दोन थापा म्हणजे, 'आहेस तिथून नीघ, लगेच!'

कारण विचारायचं नाही. मागे बघायचं नाही.

"वळून वळून काय बघतोस? मी काय तुझी बायको आहे?" म्हातारा खेकसायचा.

मर्व एकटाच राहायचा. त्या जानेवारीच्या आधीच्या हिवाळ्यात जेवणाच्या टेबलाशी बसल्या बसल्या गेला. पेजर वाजूनही तो आला नाही, तेव्हा कुठं आम्हाला कळलं.

त्या रविवारी राएलीनने कोकराची तंगडी भाजली होती. पहिला घास घेणार, तोच पेजर वाजला. आगीच्या बंबाच्या स्टेशनवर आमची कॅप्टन बेव्ह आणि मी. बस्स. तरुण पोरं सगळी शहरात गेलेली.

गावाबाहेरच्या झाडीत वणवा पेटलेला, धुराने दुपारची रात्र झाली होती. बेव्ह गाडीपाशी पंप सांभाळत राहिली. मी पाइप ओढत झाडीत शिरलो. हात भरून आले. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आणि मग...

पाइप हलका झाला.

मागून कुणीतरी भार उचलला होता. खांद्यावर एक थाप पडली. बेव्ह आली असेल, म्हटलं. जिवात जीव आला. पुढे सरकलो.

मग... दोन थापा.

सवयीने मी झटकन मागे हटलो. कडाड्! मी उभा होतो तिथंच निलगिरीची भलीमोठी फांदी कोसळली.

"थँक्स, बेव्ह!" म्हणत वळलो...

मागे कुणीच नव्हतं.

बेव्ह लांब, गाडीपाशीच होती. "वेडा आहेस का?" ती म्हणाली. "मी पंप सोडून आले असते तर तुझं पाणी नसतं का बंद पडलं?"

घरी सांगितलं. राएलीन रडलीच. "बास झालं आता. देऊन टाक तो पेजर."

दिला.

पुढच्या रविवारी टेबलाशी मी, राएलीन आणि आमची लेक टेगन. ताटातून वाफा निघत होत्या. टेगन म्हणाली, "बाबा, आज पळायचं नाही हं!" मी हसलो. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि खांद्यावर... दोन थापा.

दोघींना ओढतच अंगणात आणलं. वाट बघत उभे राहिलो. काहीच झालं नाही. जेवण गार झालं.

तेव्हापासून टेबलाशी बसलो की हेच. गॅसवाला बघून गेला, वायरमन बघून गेला. कुठं काही नाही. आता दोघी जागच्या उठत नाहीत. राएलीन माझं ताट झाकून ठेवते.

मला मात्र बसवत नाही. मी अंगणात येऊन उभा राहतो. खिडकीतून त्या दोघी जेवताना दिसतात. मध्ये माझी खुर्ची रिकामी असते.

आत काही होणार आहे म्हणून तो मला बाहेर काढतो? तसं असेल तर माझी बायको आणि लेक आतच आहेत हो! की त्याला एकट्याला करमत नाही?

काल अंगणात न राहवून विचारलंच, "मर्व, काय हवंय रे तुला?"

मग खांद्यावर...

एकच थाप.

मी वळून बघितलं नाही.