कोरडं छत

दुपारी नळाला पाणी आलं की रेवतीच्या शिलाई मशीनच्या बरोबर वर, छताला एक थेंब फुटायचा. मग दुसरा. मग तिची मुलगी तेजल जळमटं काढायची काठी आणून छतावर दणादण ठोके द्यायची.

वर टिपणीस काकू राहायच्या, एकट्याच. बदलापूरला पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून पिंपावरचा नळ उघडा ठेवूनच त्या आडव्या व्हायच्या. पाणी आलं की आवाजाने जाग येईल, हा त्यांचा हिशोब. झोपताना आपण कानातलं यंत्र काढून ठेवतो, हे मात्र त्या हिशोबात कधीच नसायचं. पिंप भरून वाहायचं, पाणी खाली झिरपायचं. पण खालचे ठोके त्यांना खाटेच्या पायांतून कळायचे.

"बंद केला गं बाई, बंद केला," असं गॅलरीतून ऐकू यायचं.

"काकू, गंगा खाली आणायचा नवस बोललाय का?" रेवती विचारायची.

"फुकटात तीर्थ मिळतंय तर त्यालाही नावं ठेव."

आणि संध्याकाळी वालाच्या बिरड्याची वाटी खाली यायची. काकूंच्या दाराची जादा किल्ली रेवतीकडेच, फ्रिजच्या बाजूच्या खिळ्याला टांगलेली असायची. असं छान चाललं होतं.

पण एकदा तो थेंब पडला एका नवरीच्या ब्लाउजवर. लाल रंग सोनेरी काठात उतरला. नवरी दारातच रडायला लागली. काकूंना रेवतीने हे कळू दिलं नाही. पुढच्या सभेत तिने सोसायटीसमोर गळती थांबवणाऱ्या जलपटलाचा विषय ठेवला.

ठाण्यातल्या बऱ्याच इमारतींना तोपर्यंत जलपटल लागलं होतं. कंपनीची एक तरुण मुलगी आली, तिने फरशीच्या तुकड्यावर दुधाच्या सायीसारखा थर फवारला आणि वरून बालदीभर पाणी ओतलं. खाली ठेवलेला कागद कोरडा राहिला. पटलातले कण पाणी लागताच भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात आणि सापडेल ती भेग बुजवतात, असं तिने समजावलं. खालच्या घराच्या छताला ते लागणार, वरच्या घराच्या उंबऱ्यालाही लागणार. ज्याचं पाणी, त्याच्याच घरात राहणार.

"आणि थर मऊ असल्यामुळे आवाजही गिळतो," ती म्हणाली. "वरच्यांच्या खुर्च्या ओढल्याचा त्रास बंद."

सगळ्यात जास्त टाळ्या यालाच पडल्या. हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात टिपणीस काकूंचा होता. रेवतीची बोलणी तरी वाचतील, असं त्या म्हणाल्या आणि सगळे हसले. रेवतीही हसली.

मग छत खरंच कोरडं झालं. रेवती बिनधास्त रेशमी कापडं पसरू लागली. जळमटांची काठी कपाटामागे गेली. बिरड्याची वाटी यायची थांबली. रुसवा वगैरे काही नव्हता, तसं काही निमित्तच उरलं नाही. वर काकूंचा नळ अजूनही उघडाच राहायचा. पिंप वाहायचं, काकू उठून आपलं आपण पुसून घ्यायच्या. सांगणार कोणाला, आणि कशाला? त्यांना आता कोण जागं करणार, हा प्रश्न सभेत कुणाला सुचलाच नव्हता. काकूंनाही नाही.

मार्चमधल्या एका संध्याकाळी तेजल शाळेतून उड्या मारतच आली. कबड्डीच्या संघात तिची निवड झाली होती, आणि ही बातमी काकूंना सांगितल्याशिवाय तिच्या पोटात राहणं शक्य नव्हतं. ती धावत वर गेली. बेल वाजवली, परत वाजवली. दार उघडेना, तशी खाली येऊन तिने खिळ्यावरची किल्ली घेतली. रेवती मशीन सोडून तिच्या मागोमाग आली.

दार उघडलं. उंबऱ्याच्या आत घोट्याएवढं पाणी उभं होतं, थेंबभरही बाहेर न येता. चपला तरंगत होत्या. स्वयंपाकघराच्या दारात काकू पडल्या होत्या, ओठ निळे, एक पाय वाकडा. हातात पितळी तांब्या घट्ट धरलेला होता आणि त्याचा काठ पार चेपला होता. त्यांच्या हाताजवळच्या फरशीचे कपचे उडाले होते.

तेजलने नळ बंद केला आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. रेवतीने काकूंचं डोकं मांडीवर घेतलं. काकूंनी डोळे उघडले.

"दुपारपासून ठोकतेय गं," त्या म्हणाल्या. "तुम्ही गावाला गेला होतात का?"

रेवती दुपारभर खालीच होती. त्या फरशीच्या बरोबर खाली, मशीनवर, गाणं गुणगुणत. तिने नुसती मान हलवली, हो म्हणून.

काकू वाचल्या, पण खुब्याचं हाड नीट बसलं नाही. त्यांची मुलगी त्यांना धुळ्याला घेऊन गेली. फोनवर त्या अजून विचारतात, गावाला सगळे बरे आहेत ना. रेवती बरे आहेत म्हणते आणि फोन तेजलकडे देते.

वरच्या घरात आता एक नवीन जोडपं आलं आहे, तान्ह्या बाळासकट. वर्षाची फवारणी करायला कंपनीची ती मुलगी पुन्हा आली, तेव्हा मशीनच्या वर तळहाताएवढी जागा मोकळी सोडा, असं रेवतीने सांगितलं.

"तिथून गळेल, ताई."

"गळू दे."

पण एक जागा जरी सोडली तरी अख्ख्या इमारतीची हमी जाते. म्हणून पुन्हा सभा भरली. रेवतीने फार काही सांगितलं नाही. तांब्याचं मात्र सांगितलं, आणि प्रत्येकाने आपापल्या छताला एवढी जागा मोकळी ठेवावी असं म्हणाली. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे मोकाशी म्हणाले की आमच्या वर तर टाकीच आहे, आम्ही कुणाचं ऐकायचं? कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग अध्यक्षांनी विचारलं, जागा सोडायला कोणाकोणाची तयारी आहे.

रेवतीचा हात वर गेला. पाठोपाठ तेजलचा, तिला मताचा हक्क नव्हता तरीसुद्धा.

बाकीचे हात मांडीवरच होते. तेजल एकेका खुर्चीकडे पाहू लागली. बऱ्याच रिकाम्या होत्या. जे आले नव्हते ते घरीच असणार. या खोलीच्या वरही एक घर होतं. तिने मान वर केली. छत पांढरंशुभ्र होतं, कोरडं, आणि तिथून काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणजे वर सगळं ठीक होतं, की कोणीतरी ठोकत होतं?