मजुरीचा रकाना

"पाय! अहो पाय... तिथे ठेवू नका!"

ती ओरडली आणि दारातून आत येणारा तो उंच, सडपातळ माणूस होता तिथेच एका पायावर थांबला. दुसरा पाय हवेत, एका हातात फाईल, दुसऱ्या हातात चहाचा कागदी कप. समोर नुकतीच बसवलेली फरशी, अजून ओली. त्याने पाय टेकला असता तर तिच्या सकाळभराच्या कामावर पाणी पडलं असतं.

"मग कुठे ठेवू?" त्याने अगदी नम्रपणे विचारलं.

"जिथून आणलात तिथे."

"तिथे बादली आहे..."

मागे खरंच बादली होती. तिला हसू आलं, पण ते तिने गिळलं. शेजारची फळी सरकवली आणि हात पुढे केला. सिमेंटने पांढरा पडलेला हात. त्याने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि फाईल बगलेत मारून तो घट्ट धरला. सावरता सावरता त्याच्या कडक इस्त्रीच्या बाहीवर तिची पाच बोटं उमटली. त्याने ती झटकली नाहीत. बरं वाटलं तिला. उगाच खोटं कशाला बोला!

आणि मग तो म्हणाला, "बाहेर फरशीखालच्या सिमेंट-मसाल्याची रिकामी पोती मोजली मी. बावीस भरली. तुमच्या बिलात पन्नास आहेत."

झालं! म्हणजे हाच तो! मोठ्या कंत्राटदारांच्या ऑफिसात बिलं तपासणारा. साऱ्या साइटवर त्याला 'परतसाहेब' म्हणायचे, कारण त्याच्या टेबलावर गेलेलं बिल एकदा तरी परत यायचंच.

आता ही जास्तीची पोती आली कुठून, ते सांगायला हवं. फरशीवाली कुणाची नोकर नव्हती. मोठ्या कंत्राटदाराकडून काम उचलायचं, आपलं बिल आपण लावायचं, असा तिचा स्वतःचा धंदा. बिलात रकाने दोन, एक मालाचा आणि एक मजुरीचा. पैसे देताना ऑफिस मजुरीवर कर कापायचं आणि सरकारात भरायचं. मालावर काही कापलं जात नसे. तेव्हा तिच्या बाबांनी, ज्यांच्या हाताखाली ती शिकली, एक युक्ती तिच्या गळी उतरवली होती. माल फुगवायचा, मजुरी आखडायची. बेरीज तीच, कपात कमी. "कर हातांवर बसतो पोरी, पोत्यांवर बसत नाही," असं बाबा म्हणायचे. तीस वर्षं त्यांचं हेच चाललं होतं आणि या तीस वर्षांत एकाही शहाण्याने पोती मोजली नव्हती.

"कंत्राटदारसाहेबांना सांगणार?" तिने विचारलं. आवाज तिने मुद्दाम चढा ठेवला.

"आधी तुम्हाला सांगतोय. खरं लिहून आणा. गुरुवारपर्यंत."

"आणि नाही आणलं तर?"

"तर शुक्रवारी मला साहेबांकडे जावं लागेल." त्याने हातातल्या कपात बघितलं. "आणि मला... जायचं नाहीये."

एवढं बोलून माणसाने जावं की नाही? हा शेजारच्या वाळलेल्या खोलीत शिरला. खिशातून नाणं काढलं आणि एकेका फरशीवर वाजवत सुटला. टक... टक... टक. अर्धा तास! शेवटी तिला राहवेना.

"काय शोधताय?"

"पोकळ वाजणारी फरशी."

"सापडली?"

"तीनशे बारा वाजवल्या." तो उठला. गुडघे धुळीने माखलेले, चेहऱ्यावर नवल. "एकही नाही. मी वीस साइट फिरतो. खोलीमागे चार-दोन तरी निघतातच. हे जमतं कसं तुम्हाला?"

तिच्या कामाबद्दल असं कुणी विचारलंच नव्हतं. लोक विचारायचे, कधी होणार आणि किती होणार. तिने त्याला रबरी हातोडी दाखवली, फरशीला कान कसा लावायचा ते दाखवलं. खालचा मसाला नीट पसरला की आवाज भरीव येतो, तोवर घाई करायची नाही. त्यालाही एक फरशी बसवून बघायची होती. तिने बसवू दिली.

"वाकडी झाली का?"

"तुमच्या मानाने सरळ आहे," ती म्हणाली आणि आता मात्र दोघंही हसले.

गुरुवारी ती खरं बिल घेऊन ऑफिसात गेली. बावीस पोती, बाकी सगळी मजुरी. त्याने ते वाचलं, एक सही केली आणि तिची जुनी फाईल समोर ओढली.

"वर्षभराची बिलं अशीच?"

तिने मान खाली घातली.

"तुम्ही हॉस्पिटलच्या कामाला अर्ज केलाय."

केला होता! पाच मजल्यांचं हॉस्पिटल. एवढं मोठं काम तिच्या घरात आजवर कुणी उचललं नव्हतं. ते मिळालं तर तिचं नाव झालं असतं, चार माणसं हाताखाली ठेवता आली असती. जागेपणी आणि झोपेत ती तेच मजले चढत होती.

"साहेब आधी कागद बघतात," तो हळूच म्हणाला. "वर्षात कुणी किती मजुरीचं काम केलं, ते. आणि कागदावर तुम्ही फरशी बसवतच नाही. मसाला विकता."

हे झोंबलं तिला. "मग काय करू?"

"चौदा बिलं नव्याने लिहायची. राहिलेला कर पुढच्या पैशांतून कापला जाईल. दोन-तीन महिने ओढाताण होईल, हे मी लपवत नाही."

"यात तुमचं काय जातं?"

"माझं... काही नाही." त्याने उगाचच पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "इतकं सुंदर काम करणाऱ्या माणसाने कागदावर इतकं लहान व्हावं, ते बघवत नाही."

ती तिथून निघाली खरी, पण हे वाक्य घरापर्यंत तिच्यासोबत आलं.

घरी बाबा खाटेवर गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. त्यांचीच शिकवण मोडायची म्हणजे धाडस हवं. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि आता तोफ डागली जाणार म्हणून वाट बघत राहिली. बाबा गुडघा चोळायचे थांबले.

"गुडघे गेले तेव्हा मला विम्याची भरपाई मिळाली ना," ते म्हणाले, "ती कशावरून काढली ठाऊक आहे? कागदावरच्या मजुरीवरून. तुला सांगितलं नाही, लाज वाटली. तीस वर्षं हाडं झिजवली आणि कागद म्हणाला, हा माणूस फारसं काही करतच नव्हता." त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "लिही पोरी. हातांनी केलंय ते हातांच्या नावावर लिही."

मग आठवडाभर रोज दुपारी ती त्याच्या टेबलापाशी बसली. चौदा बिलं! तो एकेक आकडा असा तपासायचा जसा आपण तांदळातला खडा बघतो. कंटाळा नाही, आदळआपट नाही, तिची चूक निघाली तरी उपदेश नाही. स्वतःच्या चहाचे पैसे मात्र हट्टाने स्वतःच द्यायचा. एवढं सरळ वागायला केवढी ताकद लागत असेल, असं तिला वाटायचं, आणि तो खाली बघून बेरीज करत असला की ती खुशाल त्याच्याकडे बघत बसायची. चौदावं बिल संपलं तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला वाईटच वाटलं.

सोमवारी ती ऑफिसात गेली तर टेबलावर तो नव्हता, तिची फाईलही नव्हती. शेजारची कारकूनबाई म्हणाली, "तुमचं काम आता माझ्याकडे. त्यांनीच साहेबांना सांगितलं, ही फाईल मला नको म्हणून."

नको म्हणून! सगळी लबाडी कबूल करून घेतली आणि आता फाईलसुद्धा हाताळायला नको? ती तरातरा बाहेर आली. तो जिन्यात भेटला, बगलेत कागदांचा गठ्ठा.

"माझा विटाळ झाला का तुम्हाला?"

"नाही हो! ऐका तरी..."

"हॉस्पिटलचं मिळणार नाही, हे तोंडावर सांगायचं सोडून..."

"तुमचे तीन मजले आहेत," तो घाईघाईने म्हणाला. "पाचातले तीन. आज सकाळी ठरलं. साहेब म्हणाले, एवढं काम करणारी बाई इतके दिवस होती कुठे? मला हे नंतर कळलं, मी खोलीत नव्हतो. मुद्दाम बाहेर बसलो."

तिला आनंद झाला, राग तसाच राहिला, दोन्ही एकदम. "बाहेर का?"

तो भिंतीकडे बघायला लागला. सगळ्या साइटला धडकी भरवणारा माणूस, कानांपर्यंत लाल!

"नियम आहे," तो म्हणाला. "ज्याचं काम तपासायचं, त्याच्यावर आपला... जीव जडलेला असू नये. माझा जडलाय. म्हणून मी फाईल सोडली. उद्या कुणी म्हणायला नको, की हिला काम हातांमुळे नाही, ओळखीमुळे मिळालं."

जिन्यात कुणी नव्हतं. खाली कुठेतरी लोखंड कापत होते, तो आवाजही नेमका तेव्हाच थांबला. तिच्या हातांच्या नावाला डाग लागू नये म्हणून हा माणूस रोजची भेट सोडून बसला होता... तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"उद्या संध्याकाळी घरी या," ती म्हणाली. "बाबांना सांगून ठेवते."

"काय सांगाल? कोण येतंय म्हणून?"

"सांगेन की जावई येतोय. पसंत मी केलाय, तुम्ही फक्त हो म्हणा."

त्याच्या बगलेतला गठ्ठा सुटला आणि कागद सरसर जिनाभर पसरले. एक तर पार खालच्या मजल्यावर गेला. तो कागद उचलायला वाकलाच नाही. तिच्याकडे बघत, हसत, नुसता उभा राहिला.