गस्तीची काठी

पोरांनो, मध्येच कुणाला लघवीला लागली तर एकट्यानं जावं लागेल, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गोष्ट बेंबळीची. आपल्या ओळखीतल्या महारुद्राची. रात्री ड्रोन फिरतात अशी आवई उठली होती, त्या पावसाळ्यातली. चोर एकही आला नाही, पण गावानं गस्त मात्र झकास बसवली. एक काठी, खाली लोखंडी टोपण. ज्याची पाळी, त्यानं रात्री विजेच्या खांबाखांबावर ती ठोकायची आणि हाळी द्यायची, "जागं हाय का?" घरातून "हाय!" आलंच पाहिजे. सकाळी काठी पुढच्या घराच्या दाराला टेकवायची.

पहिल्याच पंधरवड्यात म्हातारा श्रीपती गस्तीवर असताना त्याला साप चावला. सकाळी मरून पडलेला सापडला तो महारुद्राच्या घरासमोरच्या खांबाशी. रात्री तो खांब कितीतरी वेळ वाजत होता. महारुद्र तेव्हा बायकोला, दीपमालेला, म्हणाला होता, "थेरड्याला झोप न्हाय, म्हनून गावाला बी न्हाय." आणि त्यानं कूस बदलली होती.

मग आषाढी अमावस्या आली. रविवार. पाळी महारुद्राची, आणि चुलीवर मटण.

"काठी कुठं ठिवली?" दीपमालेनं विचारलं.

"श्रीपतीच्या दाराला. कुलूप हाय, पन लई हौस हुती म्हाताऱ्याला गस्तीची!"

"अवं, मेल्या मानसाची चेष्टा करता व्हय?"

महारुद्र हाडूक चोखत हसला.

बारा वाजून गेले. वेशीकडून आवाज आला. ठण्.

"बघ, घेतली की कुनीतरी काठी."

ठण्. देवळाजवळचा खांब. हाळी नाही, नुसता ठोका.

कुत्री गप्प.

मग घरासमोरचा खांब. ठण्. ठण्. ठण्. थांबेचना.

"अवं... उत्तर द्या की," दीपमाला कुजबुजली.

महारुद्रानं हात लांबवून दिवा मालवला.

ठोके थांबले. दाराच्या फटीतून, अगदी हळू...

"जागा हाईस, महारुद्रा. तवा बी जागाच हुतास."

दारावर एक ठोका पडला. एकच.

मग... काही नाही.

दोघं भिंतीला टेकून तशीच बसली. उजाडलं. कडी आतून लावलेली होती, तशीच होती. दीपमाला ती काढायला गेली आणि मागं सरली.

काठी दाराला टेकवलेली होती. आतल्या बाजूनं.

महारुद्रानं हात लावला. मूठ अजून कोमट होती.